चॅपेलची उडी आणि बुर्गीची चूक

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या स्की मंडळाचे प्रमुख श्री. वेंडेलिन थुर्नर, महापौरबाई, महासंघाकडून इतक्या लांबून आलेले प्रतिनिधी, फादर कासियान, आजच्या सत्कारमूर्ती नोटबुर्गा श्टाउडर, जिला या खोऱ्यात बुर्गी सोडून दुसऱ्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही, तिचे आईवडील, आपले बँडवाले, आणि खरं तर ज्यांचं नाव सगळ्यांच्या आधी घ्यायला हवं होतं ते तुम्ही: अंधार असतानाच उतारावर चढणारे, जाळ्या बांधणारे, वळणांवर झेंड्यांची दारं रोवणारे, स्की आडव्या धरून बर्फ घासत खाली येणारे, आणि दिवस संपला की एक वाटी सूप आणि एक पेला श्नॅप्स यावर घरी जाणारे माझे हिंटरआखकर!

तुमची तक्रार मला ठाऊक आहे, कारण ती माझीही आहे. सहा हिवाळे बायकांची डाउनहिल शर्यत आपल्या उतारावर झाली नाही. पुरुषांची झाली, बायकांची शेजारच्या खोऱ्याला गेली. का गेली, ते कुणी आपल्याला नीट सांगितलंसुद्धा नाही. तीन दिवसांसाठी येणारी महासंघाची माणसं चांगल्या दिवसांचं श्रेय घेऊन गेली आणि वाईट दिवस आपल्या उंबऱ्यावर टाकून गेली. बर्फ आपण वाहायचा, जाळ्या आपण बांधायच्या, आणि वर ऐकूनही आपणच घ्यायचं, की हिंटरआखकरांना शर्यत सांभाळता येत नाही! हे आपल्याला झोंबलं. झोंबायलाच हवं होतं.

पण झोंबलेल्या माणसाला राग काढायला कुणीतरी जवळचं लागतं. महासंघ लांब. जवळ कोण होतं? बुर्गी. बेकरीच्या रांगेत मी या कानांनी ऐकलंय, "ती पडली नसती तर शर्यत गेली नसती." त्या रांगेतले निम्मे लोक आज इथे टाळ्या वाजवायला बसले आहेत. वाजवा, जरूर वाजवा. पण आधी माझं ऐकून घ्या.

मला दहा मिनिटं दिली आहेत. वेंडेलिननं सकाळी फोनवर बजावलंय, "हेडविग, शाळेतल्या दोन गमती सांग, दोन विजय सांग आणि खाली बस. तू बोलायला लागलीस की डम्पलिंग थंड होतात." वेंडेलिन, आज ते थंड होणार. स्वयंपाकघरात कुणी असेल त्यानं झाकण ठेवावं.

आता गमती. बुर्गी सहा वर्षांची असताना चर्चच्या वर्षश्राद्धाच्या, चुकले, चर्चच्या वर्धापनदिनाच्या शर्यतीत पहिली आली. (हसा, फादर, तुमच्या आधीच्या फादरांची प्रवचनं श्राद्धासारखीच असायची.) सगळ्या मुलांना मागे टाकून पहिली. तेव्हाच्या चिटणिसांची पंचाईत झाली, कारण कप एकच होता आणि त्यावर कोरलं होतं, 'सर्वोत्तम मुलगा'. त्यांनी तिच्या डोक्यावर हात फिरवून तिला चॉकलेट दिलं आणि कप दुसऱ्या आलेल्या मुलाला दिला. बुर्गीनं चॉकलेट खाल्लं, हात पुसले आणि विचारलं, "काका, मुलींचा कप कुठे ठेवलाय?" पुढचे तीन आठवडे ते रस्त्यात भेटले की तिचा तोच प्रश्न. शेवटी ते तिला पाहून रस्ता बदलायला लागले.

दुसरी गंमत. ती दहा वर्षांची, मी अपूर्णांक शिकवत होते. तिनं हात वर केला. "बाई, सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती लांब?" मी म्हटलं, "अगं, वेळ लांब नसतो." ती म्हणाली, "असतो. शंभरच्या वेगात तो या पट्टीएवढा असतो. मी मोजलं." मी फळ्यावर करून पाहिलं. अठ्ठावीस सेंटीमीटर. पोरीचं बरोबर होतं, बाईंचं चुकलं होतं. ही सवय मला तिथूनच लागली असावी, तिचं बरोबर असताना आपण चुकायचं.

विजय तुम्हाला पाठ आहेत. एकोणिसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात. तेविसाव्या वर्षी एका हंगामात दोन डाउनहिल जिंकल्या, आणखी दोनदा पहिल्या तिघींत. पुढच्या हंगामात आपल्या उतारावर शर्यत होती तेव्हा ती गुणतक्त्यात दुसरी होती. आणि त्यानंतर? त्यानंतरच्या सात वर्षांत पाच शस्त्रक्रिया, आणि एकदा सातवा क्रमांक. बस. आपण काय म्हणालो? "बुर्गी आता घाबरते." बारमध्ये म्हणालो, लिफ्टच्या रांगेत म्हणालो, वर्तमानपत्रवाले विचारायला आले तर त्यांनाही हेच सांगितलं.

हा शब्द पहिल्यांदा कुठून आला, ते सांगायला मी उभी आहे. वेंडेलिन, पाणी पी. घड्याळाकडे बघू नकोस.

सात वर्षांपूर्वीचा तो रविवार. शनिवारी पुरुषांची डाउनहिल झाली होती. चॅपेलच्या उडीचा ओटा, म्हणजे जिथून स्कीवाला हवेत जातो तो बर्फाचा बांध, आपण त्यांच्यासाठी रचला होता. पाणी मारून काचेसारखा घट्ट केला होता. काय देखणा होता! चॅपेलच्या कौलांवरून माणूस उडतोय असं चित्र दिसायचं. टीव्हीवाल्यांनी ते दिवसभर दाखवलं आणि आपण सगळे छाती फुगवून फिरत होतो. मीसुद्धा.

पण बायका पुरुषांपेक्षा खालून सुरुवात करतात. त्यांचा वेग कमी, वजन कमी. पुरुषांसाठी रचलेला ओटा त्यांना लांब फेकत नाही, उंच फेकतो. लांब गेलं की माणूस उतारावर अलगद टेकतो. नुसतं उंच गेलं की उताराच्या अलीकडच्या सपाटीवर आदळतो, आणि सगळा धक्का गुडघे घेतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून बायकांच्या शर्यतीआधी ओटा अर्धा उतरवायचा असतो. त्या रविवारी तो उतरवला नाही. घाई होती, बर्फ दगडासारखा झाला होता. आणि खरं सांगू? इतका सुंदर ओटा मोडायला कुणाचा हात होईना.

तरी आपल्या खोऱ्याचा एक शिरस्ता आहे, वायरलेस नव्हते तेव्हापासूनचा. शर्यतीआधी वाट उघडणारे चौघे उतरतात. उडीखाली थांबून, वर वळून खूण करतात. एक काठी वर, म्हणजे ठीक. दोन्ही काठ्या डोक्यावर आडव्या, म्हणजे ओटा कापा. आडव्या काठ्या दिसल्या की वाद नाही, चर्चा नाही, आधी फावडी. असं मला माझ्या वडिलांनी शिकवलं, तुम्हाला तुमच्या.

त्या दिवशी उडीपाशी वायरलेस घेऊन कोण उभं होतं? मी. या मंडळाच्या इतिहासात उडीवर उभी राहिलेली पहिली बाई. ती जागा मिळवायला मी अकरा वर्षं भांडले होते. इथल्या बऱ्याच जणांनी मला तेव्हा म्हटलं होतं, "बाई, तुम्ही सुपाचं पातेलं सांभाळा, ते तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." आठवतं? आठवत असेल, तर मान खाली घालायची गरज नाही, पुढे ऐका.

तीन मुलगे आले. धडधाकट, जड, वेगवान. तिघांची एक काठी वर. चौथी आली त्सेंझी, आपल्या लाकूडकापे ग्राइलांची मुलगी, सोळा वर्षांची. ती सपाटीवर आदळली. पडली नाही, पण गुडघे छातीला लागलेले मी पाहिले. ती थांबली, वळली, आणि दोन्ही काठ्या डोक्यावर आडव्या धरल्या. बराच वेळ धरून उभी राहिली. हवा स्वच्छ होती. मला तिचे दातसुद्धा दिसत होते.

वरून वेंडेलिनचा आवाज आला, "बाई, काय म्हणतात पोरं?"

मी म्हटलं, "तीन ठीक."

"आणि चौथी?"

माझ्या बाजूला फावडी घेऊन सहा पुरुष उभे होते. सहाही माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आज पहिल्याच दिवशी एका पोरीच्या म्हणण्यावरून मी शर्यत थांबवली, तर हे जन्मभर म्हणतील, बघा, बाईला उभं केलं की असं होतं. आणि मी म्हटलं, "चौथी जरा घाबरली."

वेंडेलिन हसला. म्हणाला, "घाबरायचीच. सोडा पुढे."

तो शब्द माझा. घाबरली. पुढे तुम्ही तो बुर्गीला चिकटवलात, पण बाजारात आणला मी.

बुर्गी नववी उतरली. वरच्या वळणांत ती सगळ्यांच्या पुढे होती, आपण घंटा वाजवत होतो. मग ती माझ्या डोक्यावरून गेली. उंच. फार उंच. आणि सपाटीवर... तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय, मी पुन्हा सांगणार नाही. तिच्या आईसमोर तर नाहीच.

संध्याकाळी अहवाल आला, 'स्पर्धकाचा तोल मागे गेला. स्पर्धकाची चूक.' आपण सुटकेचा श्वास सोडला. मी आयुष्यात पुष्कळ वाचलंय, शाळेच्या पेन्शनीत दुसरं करते काय! वाचून एक गोष्ट कळली. जहाज बुडालं की दोष बुडालेल्या सुकाणूवाल्याचा असतो. खाण कोसळली की दोष आत गाडल्या गेलेल्या मजुराचा. जो उत्तर द्यायला जागेवर उभा नसतो, चूक त्याचीच ठरते. बुर्गी तेव्हा हेलिकॉप्टरमध्ये होती. उत्तर कोण देणार?

त्सेंझी मात्र जागेवर होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात तिनं मला गाठलं. "बाई, तुम्ही पाहिलंत ना माझ्या काठ्या?" मी म्हटलं, "धुकं होतं गं." ती म्हणाली, "बरं." त्यानंतर तिनं स्की पायाला लावल्या नाहीत. आता ती पलीकडच्या खोऱ्यात टपालाची बस चालवते. मी तिला आजचं आमंत्रण पाठवलं होतं. ती आलेली नाही, आणि का आली नाही हे मला विचारू नका.

काय म्हणालात? तिसऱ्या टेबलावरून कोण बोललं? "जुनं कशाला उकरता?" उठून मोठ्यानं बोल, लोरेंत्स, वर्गातही तू असाच पुटपुटायचास. उत्तर देते. कारण ते जुनं नाही.

मंगळवारी बुर्गी माझ्या घरी आली. आजच्या भाषणाचं विचारायला. माझ्या घराला नऊ पायऱ्या आहेत. एकतीस वर्षांची मुलगी, या पायऱ्या ती उलटी उतरते, कठडा दोन्ही हातांनी धरून. स्वयंपाकघरात बसली, कॉफी घेतली आणि म्हणाली, "बाई, भाषण तुम्हीच करा. आणि एक विचारू? आता मी शर्यती सोडल्यात, आता मला वाईट वाटणार नाही. तुम्ही उडीवर होतात. माझं नेमकं काय चुकलं? मी ती फिल्म दोनशे वेळा पाहिली. खांदे बरोबर आहेत. हात पुढे आहेत. चूक दिसतच नाही मला."

सात वर्षं! सात वर्षं ही मुलगी स्वतःची चूक शोधत होती. दर शर्यतीत, दर उडीआधी, जी चूक तिनं केलीच नव्हती ती टाळायचा प्रयत्न करत होती. अशी बाई कशी जिंकेल? तुम्हीच सांगा, कशी जिंकेल?

मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. वाटलं, कप फेकून मारेल, मारायला हवा होता. तिनं कप बशीत ठेवला. मग तिनं एवढंच विचारलं, "बाई, यंदा उतरवलाय का ओटा?"

मला माहीत नव्हतं. यंदा सहा वर्षांनी बायकांची शर्यत आपल्याकडे परत आलीय, रविवारी पुरुषांची झाली, परवा शनिवारी बायकांचा सराव. मी काल मापाची फीत घेऊन वर गेले. एक मीटर आठ सेंटीमीटर! पुरुषांचा, अख्खा. त्याला बोटही लागलेलं नाही. वर आणखी पाणी मारलंय. आणि वाट उघडणाऱ्यांची यादी पाहिली. चार मुलगे. एकही मुलगी नाही. आयांनी पाठवल्या नाहीत म्हणे. म्हणजे या वेळी आडव्या काठ्या धरायलाही कुणी नाही.

वेंडेलिनला मी काल संध्याकाळी गाठलं. त्याचं म्हणणंही तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर तो अन्याय होईल. तो म्हणाला, "हेडविग, कॅमेरा त्या चित्रासाठीच लावलाय. महासंघाची पाहणी शुक्रवारी दुपारी. मधे दिवस कुठेय? आणि आज उतरवला, तर लोक विचारतील, तेव्हा का नाही उतरवला."

आलं ना खरं बाहेर? वेंडेलिन, तू वाईट माणूस नाहीस. बुर्गी पडल्यावर तू वरून उतरून आलास आणि स्वतःच्या हातांनी तिला जाळीतून काढलंस, मी पाहिलंय. पण आपल्या दोघांची अब्रू झाकायला आपण त्या उडीवर चाळीस मुली सोडायच्या? कुणाच्या तरी वीस-बावीस वर्षांच्या मुली, ज्यांना या खोऱ्यातलं काही ठाऊक नाही. त्यांना एवढंच ठाऊक की वाट उघडणाऱ्यांनी 'ठीक' म्हटलंय.

महासंघाचे प्रतिनिधी महोदय, तुम्ही वही काढलीत, बरं केलंत. लिहून घ्या. तो अहवाल चुकीचा आहे. उडीवरची साक्षीदार मी आहे, माझं पूर्ण नाव हेडविग आनाश्टासिया लेखटालर, आणि मी कुठेही येऊन सही करीन. आणि हेही लिहा, की पाहणी होईपर्यंत उतारावर हात चालवायचा हक्क मंडळाचा आहे. नियम मी वाचलेत. तुमच्यापेक्षा जास्त वेळा वाचलेत.

बुर्गी, तुला मी मंगळवारी विचारलं होतं, हे सगळ्यांसमोर सांगू का. तू म्हणालीस, "सांगा, बाई. पण मला सावरायला म्हणून सांगू नका. माझं झालं ते झालं." मी तुझं ऐकलंय. म्हणून तुझ्यासाठी माझ्याकडे फक्त एक वाक्य आहे आणि ते या सभागृहात सात वर्षं उशिरा बोललं जातंय: तुझी काहीही चूक नव्हती. तुझे खांदे बरोबर होते.

आता टाळ्या वाजवू नका. नको. खाली बसा.

रिवाजाप्रमाणे आभार. मंडळानं मला बोलायला उभं केलं, कदाचित पुन्हा करणार नाही, तरी आभार. बँडवाल्यांचे, स्वयंपाकघराचे, बुर्गीच्या आईवडिलांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागेलसं काही निघालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, ते मोठ्या मनानं पोटात घाला. उडीवरच्या त्या एका शब्दाबद्दल मात्र मला माफ करायचा अधिकार तुमच्याकडे नाही. तो दोघींकडे आहे. एक इथे बसलीय, दुसरी बस चालवतेय.

तुमच्याकडे मागायचं आहे ते वेगळं. पाहणी उद्या दुपारी बारा वाजता आहे. ओटा निदान साठ सेंटीमीटर उतरवायचा, आणि खालची सपाटी घासून नीट करायची. चाळीस माणसं असतील तर चार तासांचं काम. उद्या सकाळी सहा वाजता लिफ्टच्या खालच्या दारात या. फावडं घेऊन या, ज्याच्याकडे बर्फाची करवत असेल त्यानं करवत आणावी, आणि ज्यांच्या मुली स्की करतात त्यांनी त्यांनाही घेऊन यावं.